जुन्या लोडरच्या पिना, बुश आणि ग्रीस: आमचा अनुभव

पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलायची बकेट आणि तिचे दोन लांब आर्म, बसवलेला जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की बोलणं इंजिनाभोवतीच फिरतं. धूर कसा येतो, क्लच कुठे पकडतो, मागचे टायर किती उरलेत. लोडर दोनदा वर-खाली करून दाखवतात आणि गाडी थेट भावावर येते. ज्या पिनांवर लोडरचं सगळं वजन झुलतं त्यांना कुणी हातसुद्धा लावत नाही. २०२४च्या जानेवारीत आम्ही असा ट्रॅक्टर घेतला आणि आमचा तो उन्हाळा पिना, बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) आणि ग्रीस यांतच गेला. मला हवी असलेली माहिती कधी लेथवर, कधी इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानात, कधी मिस्त्रींच्या बोलण्यातून अशी तुकड्यातुकड्याने मिळाली. ती एका जागी असावी म्हणून हे लिहिते आहे.

राहणं इंदूरला, सुदामानगरात, आणि शेती हातोदच्या बाजूला. सासऱ्यांचे, म्हणजे आप्पांचे, गुडघे दुखायला लागल्यापासून शेती आणि गोठा मी बघते. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि थोडा लसूण. उकिरड्यावरचं शेणखत ट्रॉलीत भरणं आणि उन्हाळ्यात तळ्यातला गाळ शेतात टाकणं, ही दोन कामं दरवर्षी माणसांवाचून अडायची. भाड्याचं मोठं मशीन तासावर येतं आणि नेमकं पेरणीआधी मिळत नाही. नवा ट्रॅक्टर आणि नवा लोडर परवडणारा नव्हता. म्हणून जुना बघायला लागलो.

जानेवारीत सांवेर, देपालपूर, बेटमा या बाजूला बरेच ट्रॅक्टर पाहिले. ५० एचपीच्या आसपासचे, लोडर बहुतेक ठिकाणी नंतर बसवलेला. आमच्या गावाकडचे मिस्त्री बरोबर असायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दाखवली. ताज्या रंगाने चमकणारा लोडर होता. त्यांनी वाकून एका निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडावर, नखाने खरवडलं, तर निपलच्या टोकावरची बारीक गोळीसुद्धा रंगाखाली दबलेली. ती गोळी ग्रीस गनच्या दाबाने आत सरकते आणि मग ग्रीस जातं. तिच्यावर रंगाचा अखंड थर असेल तर रंग लागल्यापासून त्या पिनेला ग्रीस मिळालेलं नाही, एवढं नक्की कळतं. तेव्हापासून मी कुठलाही लोडर पाहिला की आधी निपल शोधते.

दुसरी खूण सांध्याच्या कडेला दिसते. कोरड्या चाललेल्या पिनेजवळ तांबूस-तपकिरी भुकटी साचते. लोखंड लोखंडावर घासून झिजतं आणि ती झीज गंजून बाहेर येते. ग्रीस असलेल्या सांध्याला काळपट, चिकट कडं असतं. ते दिसायला घाण वाटतं, पण तेच बरं. आणि तिसरी परीक्षा पहारीची. बकेट जमिनीपासून जेमतेम वर ठेवायची, इंजिन बंद करायचं, पाय बकेटखाली येणार नाहीत असं बाजूला उभं राहायचं आणि पहारीने बकेटचा कान (पिनेचं भोक असलेली पट्टी) खालून हलकेच उचलायचा. सांधा चांगला असेल तर सगळा लोडर एकजिनसी हलतो. प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तर आधी कान हलतो, टक् आवाज येतो आणि मग आर्म हलतो. हे प्रत्येक सांध्यावर करायचं, घाई न करता.

आम्ही शेवटी घेतला तो ट्रॅक्टर २०१३चा. इंजिन चांगलं, हायड्रॉलिक पंप चांगला, पण बकेटच्या डाव्या पिनेच्या जागी कुणीतरी साधा मोठा बोल्ट घातलेला आणि आर्म जिथे ट्रॅक्टरवरच्या उभ्या खांबाला जोडतात तिथेही प्ले. मागितले पाच लाख होते. मी विकणाऱ्यांना पहारीने तो टक् आवाज ऐकवला, लेथ आणि वेल्डिंगचा अंदाज समोर मांडला. ते कुरकुरले, पण सौदा ४,५५,००० वर ठरला. पिनांचा प्ले भाव कमी करायला उपयोगी पडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो, त्यावर वाद होत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यातही वेळ गेला. रजिस्ट्रेशनच्या पुस्तकावर बँकेच्या कर्जाची नोंद तशीच होती. कर्ज फिटून काही वर्षं झाली होती, पण नोंद कुणी काढलीच नव्हती. ती काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ज्या शाखेने कर्ज दिलं ती दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, फाइल कुठे आहे हे शोधण्यात फेब्रुवारी संपला. तोवर मी पूर्ण रक्कम दिली नव्हती. पन्नास हजार बँकेचं पत्र हातात आल्यावर, असं लिहून घेतलं होतं. ते फार उपयोगी पडलं, कारण त्यामुळे विकणारे स्वतः शाखेत जात राहिले. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्या, ओळखपत्र, विमा, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. कायद्याने त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा नावावर करून घ्यायलाही १४ दिवसच असतात, आणि तेच बहुतेक जण विसरतात. म्हणून आमची विक्रीची तारीख बँकेच्या पत्रानंतरचीच धरली. आरटीओचं ऑफिस नायता मुंडल्याला, म्हणजे हातोदहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. निघण्याआधी सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि चेसिस नंबरचे दोन-तीन ठसे बरोबर घ्या. ठसा पुसट आला म्हणून परत शेतावर यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

मार्चमध्ये गहू काढणी होती. त्या दिवसांत आमच्या बाजूला मिस्त्री मिळत नाही, सगळे हार्वेस्टर आणि थ्रेशरच्या मागे असतात. तोपर्यंत मी लोडर धुऊन काढायचं ठरवलं. वायर ब्रश, डिझेल, जुनी फडकी. धुतल्यावर मोजलं तर एकूण बारा निपल निघाले. आर्म खांबाला जोडतो तिथे दोन, उचलणाऱ्या दोन सिलेंडरच्या दोन्ही टोकांना चार, बकेट वळवणाऱ्या सिलेंडरांना चार आणि बकेटच्या कानांना दोन. तुमच्या लोडरला जास्तीच्या पट्ट्या असतील तर आकडा वाढेल. आधी नुसता मोजून कागदावर लोडरचं साधं चित्र काढा आणि प्रत्येक निपलला नंबर द्या. मातीखाली झाकलेले निपल चित्र नसेल तर राहूनच जातात. आमच्याकडे बकेटखालचे दोन्ही वाळलेल्या शेणाखाली होते.

सियागंजमधून ग्रीस गन आणली, १,३५० रुपयांची, लवचिक पाइपवाली. कडक नळीची स्वस्त मिळते, पण सिलेंडरच्या मागच्या टोकाला तिचं तोंड सरळ बसत नाही. ग्रीस घेताना दुकानदाराने विचारलं, आधी कुठलं वापरलंय? कुणाला माहीत! वेगवेगळ्या बेसची, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या वेगवेगळ्या साबणाची, ग्रीस एकत्र आली तर कधीकधी मऊ पडून वाहून जातात, नाहीतर घट्ट होतात. म्हणून त्यांनी सांगितलं, लिथियम बेसचं ईपी-२ घ्या, जुनं ग्रीस पूर्ण बाहेर निघून नव्याचा रंग दिसेपर्यंत भरा आणि पुढे हेच चालू ठेवा. ईपी म्हणजे जास्त दाब सहन करणारं, आणि २ हा घट्टपणाचा नंबर. किलोला ३८० रुपये पडले. मॉलिब्डेनम घातलेलं काळपट ग्रीसही मिळतं. सावकाश हलणाऱ्या, जड ओझ्याच्या पिनांना ते अधिक चांगलं. मी ते नंतर बकेटच्या पिनांसाठी घेतलं, पण तोही बेस लिथियमच आहे हे डब्यावर वाचून.

पहिल्यांदा गन लावली तेव्हा बारापैकी पाच निपलनी ग्रीस घेतलं आणि ते सांध्याच्या कडेने बाहेरही आलं. तीन निपल हूं की चूं करेनात, हँडल दगडासारखं. उरलेल्या चारांचं मात्र चित्र फसवं होतं. गन आरामात चालत होती, ग्रीस जात होतं, पण सांध्याच्या एकाच बाजूने, तेही वरच्या कडेने बाहेर येत होतं. मला वाटलं, जातंय ना आत, झालं. मिस्त्री त्या संध्याकाळी ट्रॉलीचं काम करायला आले होते. ते म्हणाले, "भाभीजी, कितना डाला वो मत गिनो. बाहर कहाँ से आया वो देखो."

हे वाक्य मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे, कारण या सगळ्या कामाचा गाभा तोच आहे. ग्रीस आळशी असतं, जिथे वाट मोकळी तिथून निघून जातं. बकेट हवेत लटकत असताना पिन बुशच्या एका अंगाला घट्ट दाबलेली असते आणि विरुद्ध अंगाला फट असते. गन मारली की ग्रीस फटीतून बाहेर. जिथे लोखंड लोखंडावर दाबलंय, तिथे थेंबही पोचत नाही. म्हणून ग्रीस भरताना सांध्यावरचं ओझं काढायचं. बकेट जमिनीवर सपाट टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर दोन्ही दिशांना हलवून पाइपांतला दाब सोडायचा आणि मग गन लावायची. थोडं भरायचं, सगळे लांब गेल्यावर लोडर सुरू करून चार-पाच वेळा वर-खाली करायचा, बकेट वळवायची, परत जमिनीवर टेकवून पुन्हा भरायचं. पिन फिरली की ग्रीस फिरतं. असं केल्यावर त्या चारांपैकी दोन सांध्यांत दोन्ही कडांनी ग्रीस आलं. आधी काळं, मग तांबूस, त्यात चमचमणारे लोखंडाचे कण, आणि मग नव्या ग्रीसचा रंग. ते कण बोटांवर घेऊन चोळले तर बारीक वाळूसारखे लागतात. तेच इतकी वर्षं आत पिनेला खात होते.

उचललेल्या लोडरखाली कधीही, अगदी मिनिटभरासाठीसुद्धा, जायचं नाही. पाइप फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला तर तो थेट खाली येतो. वर करून काम करणं भागच असेल तर आर्मखाली पक्का आधार हवा. लाकडाचे जाड ठोकळे नाहीतर लोखंडी स्टँड. नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबायचं नाही. आणि तेल कुठून गळतंय हे हाताने चाचपायचं नाही. सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं तेल कातडी भेदून आत जातं, आणि ती जखम दिसते छोटी पण हात गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. आमच्या चालकाला मी हे दोन्ही रोज सांगते.

बंद पडलेल्या तीन निपलपैकी एकाचा दोष फक्त निपलचाच होता. स्पॅनरने काढलं, नवं घातलं, ग्रीस गेलं. निपल पंधरा-वीस रुपयांना मिळतं, म्हणून जुनं साफ करत बसू नका. पण विकत घेताना जुनं बरोबर न्या, कारण आट्यांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि सरळ, तिरकं, काटकोनी अशी तोंडंही असतात. दुसऱ्या दोघांच्या भोकात ग्रीस सुकून खडूसारखं झालं होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ग्रीसमधलं तेल निघून जातं आणि मागे साबणाचा कडक गोळा उरतो. बारीक तारेने टोकरलं, भोकात डिझेल भरून रात्रभर ठेवलं, सकाळी परत टोकरलं. एक उघडला. दुसरा उघडला नाही, तो पिन काढल्यावरच मोकळा झाला. काही जण गॅसच्या ज्योतीने तापवतात. आम्ही शेणखताच्या ढिगाजवळ आणि हायड्रॉलिक पाइपांशेजारी ते टाळलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पिना काढायला घेतल्या. मोकळं मैदान, बकेट सपाट, दोन्ही आर्मखाली ठोकळे, वरून चेन पुली. पिनेला एका बाजूने लॉक पट्टी आणि बोल्ट असतो, ज्यामुळे पिन कानाबरोबर अडकून राहते आणि फक्त आर्ममधल्या बुशमध्ये फिरते. आमच्या डाव्या कानाचा लॉक बोल्ट तुटलेला होता. त्यामुळे पिन बुशमध्ये न फिरता कानाच्या भोकातच फिरत राहिली आणि गोल भोकाचं अंड्यासारखं झालं होतं. लॉक बोल्ट पाच-पन्नास रुपयांचा. तो तुटल्याचं वेळेवर दिसलं असतं तर पुढचा वेल्डिंगचा खर्च वाचला असता. आता आठवड्यातून एकदा सगळे लॉक बोल्ट पान्याने ओढून बघणं आमच्याकडे पक्कं आहे.

गंजलेल्या पिनेवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कडक केलेल्या पिनेवर लोखंडी घण थेट मारू नका, तिची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मध्ये पितळेचा तुकडा आणि डोळ्यांवर चष्मा. आणि भोकं समोरासमोर आलीत का हे बोट घालून तर अजिबात बघायचं नाही, आर्म केसभर सरकला तरी बोट जातं. त्यासाठी पहारीचं टोक आहे.

पिना धुऊन व्हर्नियरने मोजल्या. डोक्याजवळ, जिथे झीज नाही, तिथे ३५ मिमी. मध्ये ३३.४. बुश एका दिशेला ३५.३ आणि दुसऱ्या दिशेला ३७. म्हणजे सगळी झीज एकाच अंगाला, जिकडे ओझं असतं आणि ग्रीस पोचत नाही तिकडेच. बोटाने ती पायरी जाणवत होती. पिनेच्या बाजूला ग्रीसचं भोक असतं, तेही आमच्या एका पिनेत नेमकं दाबाच्या अंगाला केलेलं होतं. भोक आणि बुशमधली ग्रीसची खाच नेहमी कमी दाबाच्या बाजूला असावी. दाबाच्या बाजूला ती असली तर तेवढी टेकण्याची जागा कमी होते आणि भोक लोखंडानेच बंद होतं.

पोलोग्राउंडच्या बाजूला एका लेथवाल्यांकडे हे सगळं पोत्यात घालून नेलं. त्यांनी एक तास दिला आणि प्रत्येक पिन हातात धरून बोलले. माझा प्रश्न होता की बुश गनमेटलचे (तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे) घ्यावेत का, कारण दुकानात तेच सुचवलं होतं. ते म्हणाले, सतत फिरणाऱ्या शाफ्टला गनमेटल उत्तम. पण इथे पिन थोडीशीच हलते, धक्के जबरदस्त आणि धूळ भरपूर, तर कडक केलेला स्टीलचा बुश जास्त टिकेल. पिन ईएन-८ या पोलादाची, वरचा थर विजेवर तापवून कडक केलेली (इंडक्शन हार्डनिंग), आणि बुश तिच्यापेक्षा थोडा मऊ. झिजायचंच तर बुश झिजावा, तो बदलायला सोपा आणि स्वस्त. हे मला पटलं. लोहामंडीतून ४० मिमीचा गोल बार आणला. मीटरला दहा किलोच्या जवळ भरतो, त्यामुळे घ्यायचा तेवढाच कापून घ्या. सहा पिना आणि आठ बुशांचा माल ४,२०० ला पडला, लेथ आणि ग्राइंडिंग ६,८००, हार्डनिंग १,५००.

हार्डनिंगला मात्र वाट बघावी लागली. छोटं काम त्यांच्या मोठ्या लॉटबरोबरच लागतं. एप्रिल तिथेच सरला. लेथवाल्यांना फोन करून विचारण्यापेक्षा सुरुवातीलाच हार्डनिंगवाल्यांचा लॉट कधी लागतो ते विचारून त्या हिशेबाने पिना कातून घ्या.

दरम्यान शेतावर डाव्या कानाचं वेल्डिंग झालं. अंडाकृती भोक भरून परत गोल करण्यापेक्षा वेल्डरने कानाच्या दोन्ही बाजूंना जाड पट्टीच्या चकत्या बसवायचं ठरवलं. दोन्ही कान एका रेषेत राहावेत म्हणून त्याने एक लांब, सरळ शाफ्ट बकेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार घातला, चकत्या त्या शाफ्टवर सरकवल्या, समोरासमोर टाके मारले आणि मग थोडं थोडं, बाजू बदलत वेल्ड केलं. एकाच अंगाने सलग वेल्ड केलं तर उष्णतेने कान ओढला जातो आणि नवी पिन बसतच नाही. वेल्डिंगआधी ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढल्या. अर्थिंगचा चिमटा त्याच बकेटवर, वेल्डच्या जवळ लावला. तो ट्रॅक्टरच्या चेसिसला लावला असता तर करंट पिना आणि सिलेंडरमधून गेला असता आणि गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डे पडले असते. सिलेंडरच्या चकचकीत रॉडवर ओलं पोतं गुंडाळलं, ठिणग्या चिकटू नयेत म्हणून. याचे ४,५०० झाले आणि ते योग्यच होते.

मेच्या सुरुवातीला बुश बसवले. बुश बसवताना मी तिथे हटून उभी होते, ते एका कारणासाठी. बुशमध्ये ग्रीसचं भोक असतं आणि ते बाहेरच्या निपलच्या भोकासमोरच यायला हवं. प्रेसमध्ये बुश एकदा शिरला की फिरवता येत नाही. म्हणून बुशच्या तोंडावर आणि आर्मवर खडूने रेघ मारली, रेघेवर रेघ ठेवली आणि मगच प्रेस दाबला. बसल्यावर निपलच्या भोकातून बारीक तार घातली, ती पलीकडे बुशच्या आत दिसली, तेव्हा पुढचा बुश घेतला. बुश घट्ट बसला की त्याचं आतलं माप थोडं आवळतं, म्हणून नंतर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून ३५.०० केलं. पिना ३४.८० ला ग्राइंड केलेल्या. मध्ये ०.२० मिमीची फट, ग्रीसच्या थराला तेवढी जागा लागते. अगदी घट्ट पिन बघायला छान वाटते, पण तिच्यात ग्रीस शिरत नाही. बाजूने खेळू नये म्हणून वॉशर घातले. निपल, वॉशर, लॉक बोल्ट मिळून ९५० गेले.

जोडणी झाल्यावर पहिलं ग्रीस मीच भरलं. बकेट जमिनीवर, निपल फडक्याने पुसून (न पुसता गन लावली तर त्यावरची माती आपणच आत ढकलतो), आणि दोन्ही कडांना डोळे लावून. उजवीकडे बाहेर आलं, डावीकडे आलं, सांध्याभोवती पिवळट गोल कडं उमटलं. ते कडं पुसायचं नाही. तेच बाहेरची माती आणि पाणी अडवतं.

ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल ज्या मधल्या पिनेवर डोलतो, तिलाही निपल असतं आणि लोडर असलेल्या ट्रॅक्टरला ती पिन फार लवकर झिजते, कारण भरलेल्या बकेटचं सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनांचंही तसंच. त्यांना लोडरच्या यादीतच घेतलं आहे. आणि लोडरचं काम असताना मागे रोटाव्हेटर जोडून ठेवतो. मागचं वजन वाढलं की पुढचा भार हलका होतो आणि ट्रॅक्टर पुढे कलंडण्याची भीती कमी होते.

आता आठ-दहा तास काम झालं की संध्याकाळी ग्रीस, सांधे गरम असतानाच. धुतल्यावर आणि चिखलात काम झाल्यावर तर तास न बघता. एका दाबात किती ग्रीस जातं हे मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं. दहा दाबांचं ११ ग्रॅम भरलं. तुमची गन वेगळी असेल, तुम्हीही मोजा. बारा निपलना तीन-तीन दाब म्हणजे ४० ग्रॅमच्या आत, सुमारे १५ रुपयांचं ग्रीस. चित्राचा कागद प्लास्टिकमध्ये घालून गोठ्यात टांगला आहे, चालक प्रत्येक नंबरवर खूण करतो आणि कुठल्या कडेने ग्रीस आलं नाही तेही लिहितो. सप्टेंबरमध्ये सात नंबरवर सलग दोनदा "डावीकडून नाही" असं लिहिलेलं दिसलं. निपल बदललं, सुटलं.

दिवाळीनंतर बकेटच्या दोन्ही पिना काढून मोजल्या. उजवी ३४.८०, होती तेवढीच. डावी ३४.७८. उजव्या बाजूच्या बकेट वळवणाऱ्या सिलेंडरची जुनीच पिन आम्ही त्या वेळी बदलली नव्हती, तिथे प्ले थोडा वाढला आहे. तिच्यासाठी बारचा उरलेला तुकडा आहेच. उन्हाळ्यात गाळाचं काम सुरू व्हायच्या आत ती पिन आणि तिचे दोन बुश करून घेणार आहोत, आणि या वेळी हार्डनिंगवाल्यांना आधीच विचारून ठेवलं आहे, पुढचा लॉट फेब्रुवारीत लागतो म्हणून.